चौघांवर बंदी नको: महाविद्यालयीन गेमिंग समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाविद्यालयीन महोत्सवांत गेमिंग स्पर्धा भरवणाऱ्या सर्व विद्यार्थी समित्या

स. न. वि. वि.

'मार्व्हल वर्सेस कॅपकॉम २' हा दोघांनी समोरासमोर खेळायचा मारामारीचा गेम २०१३ च्या अखेरीस प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानांतून उतरवला गेला. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे तो मिळवायचा म्हणजे जुनी डिस्क शोधत फिरायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅपकॉमने मार्व्हलबरोबरचे आपले सात जुने आर्केड गेम एका संचात बांधून पीसी, प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर आणले, त्यात हाही आला. आता साध्या लॅपटॉपवर, अधिकृत प्रत घेऊन, तो महोत्सवात ठेवता येतो. तुम्ही तो जरूर ठेवा आणि ठेवताना एक चूक टाळा, एवढ्यासाठी हे पत्र.

ती चूक म्हणजे बंदी. या गेमबद्दल कुणी इंटरनेटवर अर्धा तास वाचले की चार नावे पुन्हा पुन्हा समोर येतात: मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल. छप्पन कॅरेक्टरांचा गेम आणि स्पर्धांत तेच ते चार चेहरे, हे पाहून आयोजकाचा हात नियमपत्रिकेकडे जातो आणि 'ही चार कॅरेक्टर चालणार नाहीत' अशी ओळ लिहिली जाते. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. का, हे समजायला गेम आतून कसा चालतो ते थोडे बघावे लागेल.

गेम २००० साली सेगा कंपनीच्या 'नाओमी' या आर्केड यंत्रणेवर आला. प्रत्येक खेळाडू तिघांचा संघ निवडतो. पडद्यावर एक जण लढतो, दोघे बाहेर थांबतात. बाहेर थांबलेल्याच्या जीवनपट्टीचा लाल भाग हळूहळू भरून येतो. बटने सहा: हलका ठोसा, जड ठोसा, हलकी लाथ, जड लाथ आणि बाहेरच्या दोघांना हाक मारायची दोन असिस्ट बटने. आधीच्या गेममध्ये सहाही बटने मारण्यासाठी होती. इथे मधल्या ताकदीचे ठोसे आणि लाथा काढून टाकल्या आणि हलके बटन लागोपाठ दोनदा दाबले की मधला फटका येईल अशी सोय केली. जुन्या खेळाडूंना हे खटकले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण हवा तो मधला फटका हवा त्या क्षणी काढण्याची मोकळीक गेली. पण त्या दोन बटनांच्या बदल्यात जे मिळाले त्यावरच हा गेम उभा आहे.

असिस्टचे बटन दाबले की बाहेरचा साथीदार उडी मारून येतो, एक ठरलेली चाल करतो आणि निघून जातो. तेवढ्या वेळात तुमचे मुख्य कॅरेक्टर मोकळे असते. म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणांहून हल्ला करता येतो. प्रत्येक कॅरेक्टरला अल्फा, बीटा, गॅमा असे तीन असिस्ट प्रकार असतात आणि संघ निवडतानाच तिघांचा प्रकार ठरवावा लागतो. सायलॉकचा अल्फा हवेतून येणाऱ्याला गाठून वर उचलतो. सेंटिनेलचा गॅमा जमिनीलगत ड्रोन सोडून अख्खा पडदा अडवतो. डॉक्टर डूमचा बीटा अंगाभोवती दगडांचे कवच उभे करतो. छप्पनमधून तीन निवडायचे तर २७,७२० संघ होतात, आणि प्रत्येक संघाचे असिस्ट सत्तावीस प्रकारे ठरवता येतात. पंचवीस वर्षे होऊनही लोक यात नव्या जोड्या शोधतात, ते या आकड्यामुळे.

असिस्ट फुकट मात्र नाही. आत आलेला साथीदार ब्लॉक करू शकत नाही. चुकीच्या वेळी हाक मारली तर तो चढाईला जाऊन एकटाच अडकलेल्या गड्यासारखा सापडतो, आणि मुख्य कॅरेक्टरबरोबर त्याचीही जीवनपट्टी रिकामी होते. हाक कधी मारायची आणि कधी हात आवरायचा, याची परीक्षा सामन्यात दर दोन-तीन सेकंदांनी होते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे हायपर, म्हणजे सर्वांत जोरदार चाली, आणि त्यांची साखळी. मार देत-घेत पडद्याच्या तळाची पट्टी भरते, पाच पातळ्यांपर्यंत. एक पातळी खर्चून हायपर मारता येतो. तो चालू असतानाच पुढच्या साथीदाराच्या हायपरची चाल टाकली, की पहिला निघून जातो, दुसरा आत येतो आणि आपला हायपर सुरू करतो. खो-खोत बसलेल्याला खो द्यावा आणि त्याने त्याच वेगात पाठलाग उचलावा, अगदी तसे. सेंटिनेलने आपले ड्रोन सोडायचे आणि ते आदळत असतानाच स्टॉर्मच्या गारपिटीला खो द्यायचा, ही या गेममधली सर्वांत भरवशाची जोडी आहे. फायदा नुसत्या माराचा नाही. साधा टॅग करून, म्हणजे नुसता गडी बदलून, साथीदाराला आत आणले तर तो उतरताना उघडा पडतो आणि समोरचा त्याला सहज झोडतो. हायपरच्या आडून आणला तर सुखरूप येतो. नवशिक्याला एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर हीच शिकवा.

यावर तोडही गेमने दिली आहे. एक पातळी खर्चून 'स्नॅपबॅक' मारला, म्हणजे खालून पुढे पाव वर्तुळ फिरवून असिस्टचे बटन दाबले, तर समोरचे कॅरेक्टर पडद्याबाहेर फेकले जाते आणि त्याच्या जागी, बाहेर बसून जखमा भरून घेत असलेला साथीदार जबरदस्तीने आत येतो. पहिल्या बटनाने एक साथीदार, दुसऱ्याने दुसरा. ज्याचा असिस्ट छळतोय त्यालाच मैदानात ओढून संपवायचे, हा डाव मोठ्या सामन्यांत नेहमी दिसतो.

मॅग्नेटो एवढा भारी का, ते एका चालीत कळते. तो हवेत आठही दिशांना झेप घेऊ शकतो. उडी मारल्या मारल्या, पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले असताना, तिरकी खाली झेप घेतली तर त्याचा वरून येणारा फटका जवळजवळ उभ्या-उभ्याच पडतो. तो उभे राहून अडवावा लागतो. पण त्याच जागेवरून त्याने झेप न घेता बसून हलकी लाथ मारली, तर ती वाकून अडवावी लागते. समोरच्याला डोळ्यांनी ओळखायला वेळच नसतो, अंदाज बांधावा लागतो. आता या दोन्हींच्या जोडीला सायलॉकचा अल्फा असिस्ट ठेवा. अंदाज चुकला की तो असिस्ट समोरच्याला वर उचलतो आणि मॅग्नेटो हवेत त्याला गाठून कॉम्बो, म्हणजे मध्ये सुटका न देणारी फटक्यांची मालिका, सुरू करतो. अंदाज बरोबर आला तरी असिस्टमुळे मॅग्नेटो झाकलेला राहतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. मॅग्नेटो, स्टॉर्म, सायलॉक हा संघ इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमएसपी' म्हणून जगभर ओळखला जातो.

केबलचा प्रकार वेगळा. त्याचा किरण पडदाभर जातो आणि हवेतही मारता येतो. चाल आधी टाकून लगेच उडी घेतली की जमिनीपासून वीतभर वर किरण सुटतो, तो संपेपर्यंत केबल खाली उतरलेला असतो आणि पुन्हा तेच करायला मोकळा होतो. पट्टीत पाच पातळ्या असतील तर एका चुकीची किंमत एक अख्खे कॅरेक्टर, कधी त्याहून जास्त. आणि ती चूक बहुतेक वेळा एकच असते, केबलच्या नजरेच्या रेषेत असिस्टला हाक मारणे.

आता बंदीकडे येऊ. केबल काढला की असिस्टची उधळपट्टी करणाऱ्याला शिक्षा देणारा राहत नाही. सेंटिनेल आणि स्टॉर्म काढले की लांब राहून मारणाऱ्यांपर्यंत पोचणारे राहत नाहीत. मग वर कोण येते? स्पायरल येते, भोवती तलवारींचे कडे फिरवत आणि त्या एकेक फेकत. ब्लॅकहार्ट येतो, पडदा राक्षसांनी भरून टाकत. स्ट्रायडर आणि डूमची जोडी येते: स्ट्रायडर आपला हायपर लावून अंगाभोवती फिरणारी यंत्रे सोडतो, ती दर बटनाला एक कडे फेकतात, मधून डूमचे दगड, आणि समोरचा कोपऱ्यात ब्लॉक करत झिजत राहतो. शिवाय आयर्न मॅनचा न संपणारा कॉम्बो तसाच शिल्लक असतो. हे सगळे मूळ गेममध्येही आहेत, पण तिथे ते चौघे त्यांना आवरतात. चौघांना बाहेर काढून तुम्हाला समतोल मिळत नाही. तोच असमतोल राहतो, फक्त संथ होतो आणि बघायला कंटाळवाणा.

गेममध्ये दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. दोष भरपूर आहेत, आणि स्पर्धेच्या आधी ते तुम्हाला माहीत असलेले बरे.

सर्वांत मोठा दोष म्हणजे छप्पन ही संख्या कागदावरची आहे. वोल्व्हरिन दोनदा आहे, एक धातूच्या नख्यांचा आणि एक हाडांच्या. गंभीर स्पर्धेत दहा-बारा कॅरेक्टरच टिकतात. रोल, डॅन, सर्वबॉट यांना घेऊन वरच्या संघांसमोर उभे राहणे म्हणजे दोन गड्यांनी तिघांशी लढणे. कारण बनवण्याच्या पद्धतीत आहे. सेंटिनेल, सायलॉक, स्पायरल, ओमेगा रेड, आइसमन यांची चित्रे १९९४ च्या एक्स-मेन गेममधून उचललेली, मॉरिगनची कॅपकॉमच्याच 'डार्कस्टॉकर्स' गेममधून. केबल, मॅरो, रूबी हार्ट, अमिंगो, जिल असे थोडेच नव्याने काढले. वेगवेगळ्या गेमांच्या वेगवेगळ्या नियमांसाठी बनलेले हे गडी एका पिशवीत घातले आणि वरून सगळ्यांना असिस्टचे नियम लावले. आर्केडच्या त्या काळात आजच्यासारखे अपडेट येत नसत, त्यामुळे जे पहिल्या दिवशी होते तेच राहिले. डोळ्यांनाही ही सरमिसळ दिसते. मागची दृश्ये त्रिमितीय आणि गुळगुळीत, पुढे जुन्या धाटणीची जाड ठिपक्यांची चित्रे, आणि पार्श्वभूमीला जॅझ. संगीत आम्हाला मनापासून आवडते, पण दृश्यांची ही विजोड जोडी कुणाला खटकली तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

दुसरा दोष 'गार्ड ब्रेक'. एक कॅरेक्टर हरले की पुढचे आपोआप उडी मारत कडेने आत येते. येताना ते हवेत ब्लॉक करू शकते, पण एकदा ब्लॉक करून सोडले की पाय जमिनीला लागेपर्यंत पुन्हा ब्लॉक होत नाही. समोरचा खेळाडू पहिला हलका फटका मुद्दाम ब्लॉक करायला लावतो आणि खाली उतरायच्या आत दुसरा मारतो. तो अडवण्याचा मार्ग नाही. म्हणून पहिले कॅरेक्टर गेले की दुसरे आणि तिसरे पाठोपाठ जाण्याची शक्यता फार वाढते. नव्या प्रेक्षकाला हे अन्यायाचे वाटते. खेळाडूला आधी माहीत असेल तर तो पहिल्या कॅरेक्टरची लाल पट्टी वाचवायला वेळेत खो देतो, किंवा ब्लॉक करताना एक पातळी खर्चून साथीदाराला प्रतिहल्ल्यात आणतो. त्यासाठी मागून खाली पाव वर्तुळ आणि असिस्टचे बटन. ही चाल नवख्यांना क्वचितच माहीत असते.

तिसरा दोष बग्जचा. जगरनॉट आपली ताकद वाढवणारी चाल करून विशिष्ट पद्धतीने बाहेर गेला, की ती वाढीव ताकद संपतच नाही. जगभरच्या स्पर्धांत हे चालवून घेतात, तुम्हीही घ्या. जगरनॉट तेवढ्यानेही वरच्या चौघांच्या पंक्तीला बसत नाही. एकच गोष्ट नियमात ठणकावून लिहा: मुद्दाम गेम गोठवणारा तो सामना हरेल.

एकट्याने खेळायला गेममध्ये फारसे काही नाही. कथा नाही, शेवटी अबिस नावाचा तीन रूपांचा खलनायक आहे आणि तो दहा मिनिटांत समजतो. स्पर्धेशी त्याचा संबंध नाही, म्हणून सोडून देऊ.

तरीही बदल हवाच असेल तर मुख्य स्पर्धा मोकळी ठेवा आणि बाजूला गुणांची स्पर्धा घ्या. कॅपकॉमच्याच 'कॅपकॉम वर्सेस एसएनके २' मध्ये २००१ साली ही कल्पना गेमच्या आतच होती: प्रत्येक संघाला चार गुण, ते जास्तीत जास्त तिघांत वाटायचे. मार्व्हलमध्ये ती बाहेरून लावावी लागते. आमची सूचना अशी. वरच्या चौघांना प्रत्येकी चार गुण. सायलॉक, सायक्लॉप्स, स्ट्रायडर, डूम, आयर्न मॅन, कॅप्टन कमांडो यांना तीन. स्पायरल, ब्लॅकहार्ट, कॅमी, ट्रॉन यांच्यासारख्या मधल्यांना दोन. उरलेल्या सगळ्यांना एक. संघाची मर्यादा सात. मग चौघांपैकी दोघे एका संघात बसतच नाहीत, कारण बेरीज तिथेच आठ होते. मॅग्नेटो आणि सायलॉक एकत्र घेतले तर तिसऱ्यासाठी काहीच उरत नाही, म्हणून एमएसपी आपोआप बाद. चार-दोन-एक, तीन-तीन-एक किंवा तीन-दोन-दोन असे संघ बनतात, आणि एका गुणाचे खेळाडू बाकावरून मैदानात येतात. कुणावर बंदी घालावी लागत नाही. गुणांची यादी छापून प्रत्येक टेबलावर चिकटवा, नाहीतर दर सामन्याआधी वाद होईल.

आता सामान. इथे बहुतेक स्पर्धा बिघडतात. गेम सेकंदाला साठ चौकटी दाखवतो, म्हणजे एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. सभागृहातला प्रोजेक्टर किंवा चित्र 'सुंदर' करणाऱ्या मोडमधला टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, आणि उशीर शंभर मिलिसेकंदांचा असेल तर खेळाडू सहा चौकटी मागे असतो. केबलचा किरण पाहून ब्लॉक करणे मग संपलेच. तपासायची रीत सोपी आहे. लॅपटॉपचे चित्र चांगल्या मॉनिटरवर आणि त्या टीव्हीवर एकाच वेळी दाखवा, मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही पडदे एका चौकटीत घेऊन कुठलाही एक फटका चित्रित करा, आणि दुसऱ्या पडद्यावर तो किती फ्रेम उशिरा दिसला ते मोजा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. चोवीस फ्रेम आल्या तर शंभर मिलिसेकंद. चारच्या आत आल्या तर चालवून घ्या. टीव्ही असेल तर गेम मोड लावून पुन्हा मोजा, बहुतेकदा फरक पडतो. प्रोजेक्टर प्रेक्षकांसाठी ठेवा, खेळाडूंना मॉनिटर द्या.

कंट्रोलर तारेचेच घ्या. सभागृहात शेकडो मोबाइल असताना ब्लूटूथ मधूनच तुटते. शिवाय एखाद्याचा कंट्रोलर आधी त्याच यंत्राला जोडलेला असतो आणि त्याने बाहेर बसून बटन दाबले की चालू सामन्यात घुसतो. आलेला प्रत्येक बिनतारी कंट्रोलर यंत्रातून विसरायला लावा. एका कीबोर्डवर दोघांना बसवू नका. साध्या कीबोर्डवर एकाच वेळी ठराविक कळाच नोंदल्या जातात. एकाने दिशा आणि दोन बटने दाबून धरली की दुसऱ्याचा फटका नोंदलाच जात नाही, आणि भांडण समितीच्या गळ्यात येते.

बटनांची मांडणी खेळाडूला स्वतः लावू द्या, पण ज्याला काहीच माहीत नाही त्याला ही द्या. प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोन हलका ठोसा, त्रिकोण जड ठोसा, फुली हलकी लाथ, गोल जड लाथ, आणि दोन असिस्ट वरच्या एल१ आणि आर१ वर. एक्सबॉक्सच्या पॅडवर त्याच जागा. या मांडणीत लागणाऱ्या सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी येतात: दोन ठोसे म्हणजे धाव, ब्लॉक करताना तीच जोडी म्हणजे समोरच्याला ढकलणे, दोन लाथा म्हणजे उंच उडी. असिस्ट खालच्या एल२, आर२ वर ठेवू नका. ती बटने खोल दाबावी लागतात आणि हाक उशिरा जाते. नवशिक्यांची ठरलेली चूकही याच मांडणीतून येते. चौकोन आणि फुली एकत्र दाबले गेले की टॅग होतो, त्रिकोण आणि गोल दाबले गेले की दुसऱ्याशी टॅग होतो. 'माझा गडी आपोआप बदलतो' अशी तक्रार घेऊन कुणी आला तर यंत्राला दोष देण्याआधी त्याचा अंगठा बघा.

सामन्याआधी सेटिंग तपासा: वेळ, मार, वेग सगळे मूळ किमतींवर. विशेष चाल एका बटनावर टाकायची सोय बंद ठेवायची की चालू, हे नोंदणीच्या वेळीच जाहीर करा. आमचे मत मुख्य स्पर्धेत बंद. दोन ठोसे एका बटनावर ठेवायला मात्र हरकत नाही, ती फक्त बोटांची सोय आहे. पॉज कोणत्या बटनावर आहे ते प्रत्येकाला दाखवा. चालू सामन्यात पॉज दाबला तर समोरच्याने माफ केल्याशिवाय तो सामना गेला, असा नियम ठेवा, कारण हवेतल्या कॉम्बोत एका क्षणाचा खंडही सगळे मोडतो.

वेळेचा हिशोब आधी करा. सोळा खेळाडू, दोनदा हरल्यावर बाद, तर तीस लढती, अंतिम फेरी पुन्हा लागली तर एकतीस. प्रत्येक लढत तीनपैकी दोन सामन्यांची, बसणे-उठणे धरून दहा मिनिटे. एका यंत्रावर पाच तास लागतील, दोन यंत्रांवर तीन तासांत आटोपेल. शेवटच्या तीन लढती पाचपैकी तीन सामन्यांच्या ठेवा, त्यासाठी अर्धा तास जास्त धरा. जिंकलेल्याने पुढच्या सामन्यात तेच तिघे आणि तेच असिस्ट ठेवायचे, हरलेल्याला बदलायची मुभा. हे पहिल्या लढतीआधी मोठ्याने वाचून दाखवा.

प्रेक्षकांसाठी समालोचक हवाच. पडद्यावर ड्रोन, किरण, गारा, तीन-तीन कॅरेक्टर एकदम असतात आणि नव्या माणसाला काहीच उमगत नाही. त्याने प्रत्येक फटक्याचे नाव घेऊ नये. तळाच्या पट्टीत किती पातळ्या आहेत, बाहेर बसलेल्यांची लाल पट्टी किती भरली, आणि आता कोणाचा असिस्ट मोकळा आहे, एवढ्या तीन गोष्टी सांगत राहावे. 'केबलकडे चार पातळ्या आहेत' असे ऐकले की प्रेक्षक आपोआप समोरच्या असिस्टकडे डोळे लावून बसतात. जस्टिन वाँग या अमेरिकन खेळाडूने २०१० मध्ये इव्हो या मारामारीच्या गेमांच्या मोठ्या स्पर्धेत या गेमचे जेतेपद जिंकले तोवर गेम दहा वर्षांचा झाला होता, तरी लोक उभे राहून बघत होते, ते याच ताणामुळे.

शेवटी एक टेबल शिकण्यासाठी ठेवा. त्यावर सरावाचा मोड लावून केबल, सेंटिनेल आणि कॅप्टन कमांडो हा संघ निवडून ठेवा. हाताळायला सर्वांत सोपा म्हणून परदेशात त्याला 'टीम स्क्रब' म्हणतात, म्हणजे नवशिक्यांचा संघ. येणाऱ्याला पाच मिनिटांत चार गोष्टी करायला लावा: ब्लॉक करताना दोन ठोसे दाबून समोरच्याला ढकलणे, आपण लांबून मारत असतानाच सेंटिनेलला हाक मारणे, खालून पुढे पाव वर्तुळ आणि दोन ठोसे यांनी केबलचा किरण सोडणे, आणि तो चालू असतानाच सेंटिनेलची हायपर चाल टाकून खो देणे. चौथी जमली की त्याचे नाव गुणांच्या स्पर्धेत लिहून घ्या. गुणांची यादी त्याच टेबलावर ठेवली असेल तर संघही तिथेच ठरतो. केबलचे चार गुण गेले, तीन उरले, त्यात एक दोनाचा आणि एक एकाचा. त्या एका गुणासाठी रोल घ्यायची की डॅन, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मार्व्हल वर्सेस कॅपकॉम २ खेळणारे आणि खेळवणारे काही जण